राखीव जागा

देवमनमामाच्या कपाळावर गंध होतं. अकोल्यात, भर दुपारी, सायकलच्या दुकानासमोर तो उभा होता आणि मी त्याच्या अंगावरून पुढे निघून गेलो होतो. ओळखलंच नाही. चार पावलांनी काहीतरी खटकलं, मागं वळून पाहिलं तर तोच. तेच रुंद खांदे, कापसाचे बोजे वाहून एका अंगाला कललेले, तोच खाकी कोट, आणि मधोमध, दोन भुवयांच्या वर, उभं पिवळट गंध. ओलं असताना बोटानं ओढलेलं आणि आता वाळून तडकलेलं. मला आधी वाटलं त्याला लागलंय. डोक्यावर काही पडलंय आणि कुणीतरी हळद भरलीय. खरंच सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा दवाखाना आला, देऊळ नाही.

“मामा, हे काय?”

“वकिलानं सांगतलं.” त्याचा हात कपाळाकडे गेला. पुसायला नाही, आहे का गेलं ते पाहायला. “आतापासून सवय ठेवा म्हणे. कोर्टात एकदम लावसान तर नव्या टोपीवानी दिसन.” मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, “च्या पाजतोस का उभाच ठेवतोस?”

हवेत कापूस होता. जानेवारीत अकोल्यात असतोच. जिनिंगमधून उडालेलं पांढरं बारीक तरंगत असतं, कुठे जायची घाई नसल्यासारखं. माणसांच्या भुवयांवर बसतं, चहाच्या गिलासावर बसतं, माझ्या टाइपरायटरच्या दांड्यांमध्ये जाऊन अडकतं. मी एका वकिलाच्या हापिसात टाइपिस्ट आहे. मॅट्रिकला इंग्रजीत गेलो होतो, म्हणजे नापास. मग टायपिंगच्या क्लासमध्ये झाडलोट करायला राहिलो आणि दुपारी मशिनं रिकामी असायची तेव्हा बसून शिकलो. इंग्रजी मी निकालपत्रं टाइप करून करून शिकलो. माझं इंग्रजी म्हणून जरा विचित्र आहे, मला भाजी मागता येत नाही पण अपील फेटाळता येतं. निकालांमध्ये एक गोष्ट मला फार आवडायची. न्यायाधीश लिहितो, माझं मत असं आहे. बस. आणि त्याचं मत झालं की कुणाचं शेत जातं, कुणाची नोकरी राहते, कुणी सुटतो. मतं मलाही आहेत. सरकारवर आहेत, काँग्रेसवर आहेत, आमच्या फुटलेल्या पक्षावर तर फारच आहेत. मी ती बोलतो. हॉटेलात, हापिसात, रूमच्या जिन्यात. ती चहाच्या गिलासात पडतात आणि पोऱ्या गिलास विसळून टाकतो.

मामाचा खटला असा होता. मागच्या वर्षी अमरावतीच्या म्युनिसिपालटीत तो राखीव जागेवरून निवडून आला. समोर किसनराव होता. किसनराव आमच्याच जातीचा, पण छप्पन साली नागपूरला आला नाही, दीक्षा घेतली नाही, अजून घरात खंडोबा आहे. तो पडला आणि त्यानं कोर्टात अर्ज टाकला की राखीव जागा अस्पृश्य हिंदूंसाठी आहे, देवमन बौद्ध झालेला आहे, बौद्धाला ही जागा लागू नाही, सबब निवडणूक रद्द करावी. आणि तेवढ्यात दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं तसाच निकाल दिला. बौद्ध झालेला माणूस त्या जागेवर उभा राहू शकत नाही. मी तो पेपरात वाचला तेव्हा हापिसातच मोठमोठ्यानं बोललो होतो. मी म्हणालो, दिल्लीचं कोर्ट म्हणतं तू आता तो राहिला नाहीस. आणि माझा घरमालक, रूम देताना विचारतो, तुमी कोन? मी म्हणालो बौद्ध. तो म्हणाला, म्हंजे तेच ना. आणि भाड्यावर दोन रुपये चढवले. आता दोघंही माझ्याविषयीच बोलतायत. एकानं मला जातीतून काढलं, दुसऱ्यानं परत घातलं, आणि दोन्ही वेळा गेलं माझंच. असं मी बोललो. आणि बोलण्याच्या भरात हेही बोललो की मी स्वतः होतो नागपूरला, देवमनमामासोबत, त्याच्या कडेलाच. हे तर मी सगळ्यांना सांगतो. ते कुणी अमरावतीला नेऊन पोचवलं मला माहीत नाही. वस्तीतल्या एकानंही किसनरावाच्या वकिलाला साक्ष दिली नव्हती. मला समन्स आलं.

मामानं बशीत चहा ओतला. गंध लावलेला माणूस बशीत फुंकर घालतो तेव्हा कसा दिसतो ते मी पाहत राहिलो. दुसऱ्या कुणाच्यातरी मामासारखा.

“तुले कागद आला म्हणे.”

“आला.”

“हं.” तो बशीच्या काठावरून बाहेर पाहत होता. बैलगाडीवरून कापूस चालला होता, वर एक म्हातारी बसली होती, राणीसारखी. “तू तवा लहान होता,” मामा म्हणाला.

एवढंच. दुसरं काही मागितलं नाही त्यानं. अमरावतीहून अकोल्याला एवढं सांगायला आला होता. मी तेरा वर्षांचा होतो. तेरा म्हणजे लहानच. तेरा वर्षांच्या पोराला काय आठवतं. पण त्यानं ते म्हटलं आणि मला सगळंच आठवायला लागलं, त्या चहाच्या टेबलापाशी, एखादी गाठ सुटून कापूस सांडावा तसं. नागपूरला स्टेशनपासून चालत निघालो होतो. सगळे पांढरे. मामीनं गिरणीच्या मांजरपाटाचा सदरा शिवला होता मला, नवीन, खळ न गेलेला, तो मानेला घासत होता. रस्ता पांढरा, झाडाखाली बसलेले लोक पांढरे, कुणाच्या डोक्यावर भाकरी बांधलेली चवाळी पांढरी. मंच इतका लांब होता की मला तिथे फक्त एक हालचाल दिसत होती. आवाज कर्ण्यातून यायचा, आणि एकाच वाक्याचे तीन तुकडे होऊन यायचे, जवळच्या कर्ण्यातून आधी, लांबच्यातून नंतर, त्याहून लांबच्यातून त्याच्याही नंतर. मला वाटलं होतं धर्म असाच येत असेल. तीनदा. आणि मग लाखो लोकांनी एकदम श्वास घेतला. बोलण्याच्या आधीचा. तो मी अजून कुठेच ऐकला नाही. मामाचा हात माझ्या खांद्यावर होता, जड, ओझ्यासारखा. मामा कापूस बाजारात हमाल. बोजा उचलताना तो आवाज द्यायचा आणि बाकीचे साथ द्यायचे, अख्ख्या बाजारात त्याचा आवाज ओळखू यायचा. त्या दिवशी तो एवढ्या हळू बोलला की मला त्याच्या हातातूनच कळलं तो बोलतोय.

परत आल्यावर त्यानं देव काढले. कोनाड्यातले. शेंदूर लावलेले तीन दगड आणि पितळेचे दोन टाक. टोपल्यात घातले आणि अंबानाल्यावर नेले. अख्खी वस्ती मागे. तो एकेक उचलून पाण्यात टाकत होता आणि मामी काठावरून म्हणाली, “हळू टाका, लागन त्याईले.” सगळे हसले. मामी पण हसली. मग रडली. मग घरी येऊन कोनाडा शेणानं सारवला आणि त्यात घासलेटची चिमणी ठेवली, कारण रिकामा कोनाडा बरा दिसत नाही.

हे सगळं आठवत होतं आणि माझ्यासमोर गंध लावलेला मामा बशी चाटून पुसून खाली ठेवत होता. मी विचारलं नाही की मामा, तुमी खोटं बोलणार का. मी पैसे दिले. तो म्हणाला ठेव, ठेव, पण स्वतः दिले नाहीत. बसस्टँडवर सोडायला गेलो तेव्हा गर्दीत एकानं त्याला “रामराम पाटील” केलं. गंध पाहून. मामा इतका दचकला की त्यानं उलट “रामराम” म्हटलं आणि मग गाडीत बसेपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते नीट सांगता येणार नाही. मी टाइप करत होतो. बोटं आपली चालत होती. एका जागी मी ‘सदरहू इसम’ असं टाइप करायचं तिथं ‘सदरहू मामा’ केलं आणि वकीलसाहेब चष्म्यावरून म्हणाले, “देवीदास, तुमचे मामा आमच्या अपिलात कुठून आले?” सगळे हसले. मी पण हसलो. रात्रीऐवजी दुपारीच मला झोप यायची आणि त्या झोपेत कर्णे ऐकू यायचे, तीन ठिकाणांहून, पण वाक्य कळायचं नाही. मी स्वतःशी वाद घालायचो. न्याय म्हणजे काय, असं. मोठे मोठे शब्द. मामा नगरसेवक झाल्यावर वस्तीसाठी नळ मंजूर झाला होता. आमच्या बाया पलीकडच्या पुऱ्यातल्या नळावर जातात. तिथं आता कुणी हाकलत नाही. फक्त आमच्या घागरी शेवटी लागतात. कितीही लवकर जा, शेवटीच. कायद्यानं त्याचं काय करायचं? कुणीच काही म्हणत नाही, घागरी आपोआप मागे सरकतात. आणि आता वस्तीत पाइप येऊन पडले होते. मामाची जागा गेली तर ते पाइप गाडीत घालून दुसरीकडे जातील, हे लहान पोराला पण माहीत होतं. मग मी म्हणायचो, एका गंधानं नळ येत असेल तर येऊ दे. कोर्टाला कपाळ पाहायचंय तर दाखवू कपाळ. हे माझं मत. आणि लगेच दुसरं मत यायचं, मांजरपाटाचा सदरा घातलेलं, मानेला घासणारं.

तारखेच्या आदल्या दिवशी मी अमरावतीला गेलो. बडनेऱ्याला गाडी बदलली, उन्हं उतरायच्या आत वस्तीत पोचलो. पाइप रस्त्याच्या कडेला पडले होते, मोठे, काळे, आणि त्यांच्यातून पोरं इकडून शिरून तिकडून निघत होती. एक जण आत बसून हाका मारत होता आणि त्याचा आवाज दोन्हीकडून येत होता. मामी दारातच घागर उतरवत होती. सुंदराबाई तिचं नाव, मला आईच्या जागी. आई गेली तेव्हापासून मी हिच्याच घरी वाढलो.

“आला का कोर्टाचा माणूस,” ती म्हणाली. “पाय धू. जास्त पानी घेऊ नको. पानी खांद्यावरून आलं हाय, नळातून नाई.”

कोनाड्यात चिमणी नव्हती. फोटो होता. लक्ष्मीचा, दोन्ही बाजूंना हत्ती, काच नवीकोरी, दुकानाचं लेबल अजून कोपऱ्यात चिकटलेलं. मी पाहतच राहिलो.

“पाह्य, पाह्य,” मामी म्हणाली. “तुह्या मामानं आनला. दुकानवाला म्हने कोनता देव पाहिजे? ह्याले काई सुचे ना. म्हने कोनता बी द्या, पन लांबून दिसला पाहिजे. वकील म्हंते कोनी पाहाले आलं तर घरात देव दिसला पाहिजे.”

“तू पूजा करतेस?”

“मी नाई हात लावत. तोच लावते उदबत्ती. लावते अन् खोकलते.” ती भाकरी थापायला बसली. “माह्यावर रागावला असशीन तू. मामीनं कसं चालू देलं म्हनून.”

“नाही.”

“तुले मोठे विचार येतात, देवीदास. मले मान दुखते. तुह्या बुद्धानं कुठी सांगतलं का सुंदराबाईनं मरेपर्यंत घागर वाहावं म्हनून?” तव्यावर भाकरी टाकून तिनं माझ्याकडे पाहिलं. “पन एक सांगू? मी रोज दिवाबत्तीले त्या फोटोकडं पाठ करून बसतो. उगाच. त्या बाईचा काय गुन्हा. तिले बी कोर्टासाठीच आनलं, अन् मले बी कोर्टासाठीच घरात तिले पाहा लागते.”

मामा खाली मान घालून जेवला. गंध होतं, पण घामानं अर्धं गेलेलं. जेवण झाल्यावर खाटेवर बसून तो पायाच्या भेगा पाहत राहिला आणि मग म्हणाला, “गर्दी लय होती ना रे नागपूरले?”

“लय होती.”

“एवढ्या गर्दीत कोन कोनाजवळ होतं हे कोनाले सांगता येईन?”

मी म्हणालो, “नाही सांगता येणार.” आणि ते खोटं नव्हतं. खरं म्हणजे तेव्हाच मी ठरवून टाकलं. मी माझ्यापुरतं सगळं खरं सांगीन. मी गेलो, मी ऐकलं, मी दीक्षा घेतली. मामाविषयी विचारलं तर गर्दी होती. कायद्यात असं चालतं, मी किती साक्षी टाइप केल्यात, माणसं अशाच दोन वाक्यांच्या मधल्या जागेत राहतात. मला एकदम हलकं वाटलं. बाहेर पाइपात कुणीतरी अजून हाका मारत होतं, आणि ते ऐकत मी तसाच पडून राहिलो, आणि मला वाटलं पाइपातून पाणी येतंय, पांढरं, फेसाळ, त्यात सगळे सदरे वाहत येतायत.

कोर्टात वस्तीतले वीसेक लोक आले होते. मामी पण आली, नवी साडी नेसून, मागच्या बाकावर. मामा पुढे त्याच्या वकिलाशेजारी, कपाळ ताजं, ठसठशीत. पलीकडे किसनराव बसला होता. मला तो वाईट दिसेल असं वाटलं होतं. पण तो फक्त दमलेला माणूस होता, गुडघ्यावर टोपी ठेवून, आणि माझ्याकडे पाहून त्यानं अर्धी मान हलवली, एकाच गावच्या माणसासारखी. त्याचं पण काय चुकलं? देव सोडले नाहीत म्हणून त्याला ही एकच जागा राहिली होती. हेही मत मला तिथेच सुचलं, वेळ नसताना.

नाव पुकारलं. मी चढलो. लाकूड गुळगुळीत होतं, हातांनी झिजलेलं. शिपायानं सवयीनं सुरू केलं, ईश्वराला साक्ष ठेवून. मी म्हणालो, “देव नको. मी नुसती प्रतिज्ञा घेतो.” ते मी ठरवलं नव्हतं पण मला दुसरं म्हणता येईना. किसनरावाचा वकील हसला. “नाव देवीदास आणि देव नको?” मी म्हणालो, “नाव मामीनं ठेवलं, साहेब. तेव्हा देव होते घरात.” मागे कुणीतरी खाकरलं. माझं वाक्य माझ्याच कानात उशिरा पोचलं. होते. म्हणजे नंतर नाहीत. मामाचा वकील कागदावर काहीतरी लिहायला लागला.

पण किसनरावाच्या वकिलानं ते धरलं नाही. त्याला मोठं काही हवं होतं. नागपूरला गेला होता का? गेलो होतो. दीक्षा घेतली का? घेतली. देवमन तुमच्या शेजारी उभे होते का?

“गर्दी होती,” मी म्हणालो.

“शेजारी कोण होतं?”

“गर्दी होती, साहेब. पांढऱ्या कपड्यांतली.”

वकील थांबला. मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग त्यानं आवाज एकदम मऊ केला. “बरं. ते राहू द्या. तुम्ही दीक्षा घेतली म्हणता. काय म्हटलं तिथं? म्हणून दाखवा.”

मामाचा वकील उठला, हरकत आहे, याचा वादाशी काय संबंध. न्यायाधीश म्हणाले, साक्षीदार स्वतः गेला होता की नाही ते कळेल, म्हणू द्या. आणि मला यात काही धोका दिसला नाही. हे तर माझं होतं. माझं एकट्याचं. मी हात जोडले, कारण हात जोडल्याशिवाय ते तोंडात येत नाही, आणि तीन शरणांतलं पहिलं म्हटलं. बुद्धाला शरण.

मागून आवाज आला. मला वाटलं भिंतीवरून माझाच परतला. जुनं कोर्ट, उंच छत. मी दुसरं म्हटलं, धम्माला, आणि या वेळी मला कळलं. आमच्यात एकानं म्हटलं की दुसऱ्यानं पाठोपाठ म्हणायचं असतं, नुसतं ऐकून घ्यायचं नसतं. लग्नात, मयतीत, विहारात, आठ वर्षं. कुणी सुरू केलं की अंग आपोआप उठतं. मामा उभा होता. हात जोडलेले, डोळे अर्धे मिटलेले, आणि त्याचा तो बाजारातला आवाज, भरलेला, उघडा, त्या छताखाली फिरत होता. मागे मामी उभी होती. वीस जण उभे होते. त्यांना कुणालाच माहीत नव्हतं ते उभे आहेत. न्यायाधीशांनी लिहायचं थांबवलं होतं.

“बसा, देवमनराव,” त्याचा वकील कोटाची बाही ओढत होता, दबक्या आवाजात, “बसा, बसा हो.”

मामा बसला नाही. पण त्याचे डोळे उघडले होते आणि आता त्याला कळलं होतं. ते मी पाहिलं. चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीच नव्हतं, मग हळूहळू सगळं आलं, पाइप, घागरी, दिल्लीचा निकाल. मी थांबलो. इथेच थांबलो तर मामाचा वकील सांभाळून घेईल. सांगेल, साहेब, ऐकून ऐकून तोंडात बसलंय, लोक रामराम म्हणतात तसं. दोनच तर झाली. दोनांनी काय सिद्ध होतं. किसनरावानं टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली. मी मामाकडे पाहत होतो आणि तो माझ्याकडे. त्यानं हात खाली घेतले नव्हते. रागानं पाहत नव्हता. अकोल्याच्या चहाच्या टेबलापाशी मागितलं होतं तसं काही मागतही नव्हता. तो वाट पाहत होता, लहान माणसानं मोठ्याची पाहावी तशी.

“झालं?” न्यायाधीशांनी मला विचारलं.

बाहेर कुठेतरी कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. खिडकीतून एक पांढरा तंतू आत आला होता आणि खाली पडायला तयार नव्हता.

“नाही, साहेब,” मी म्हणालो. “एक राहिलं.”

आणि मामानं छाती भरून श्वास घेतला, तो मला तिथपर्यंत ऐकू आला.